लघवी तुंबायच्या आधी: कॉडा इक्वायना सिंड्रोम ओळखण्याविषयी

जत तालुक्यात दवाखाना चालवणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी विचारलं आहे: "माझ्याकडे रोज कंबरदुखीचे आणि सायटिकाचे पेशंट येतात. ऊसतोडीहून परतलेले, डाळिंबाच्या बागेत काम करणारे, दिवसभर ट्रॅक्टरवर बसणारे. सगळ्यांना एमआरआयसाठी मिरजेला पाठवणं शक्य नाही. यातला कॉडा इक्वायनाचा पेशंट वेगळा कसा काढायचा? पायातली ताकद चांगली असेल तर तो आजार नाही असं धरायचं का? आणि रात्री पाठवायची वेळ आली तर आधी इथे काय करून ठेवायचं?"

मधला प्रश्न आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच गैरसमजातून होतं. पायातली ताकद चांगली आहे म्हणून कॉडा इक्वायना नाही, असं कधीच धरू नका. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली मणक्याच्या पोकळीत असतात ती फक्त नसांची मुळं, घोड्याच्या शेपटीसारखी खाली लोंबणारी. यालाच कॉडा इक्वायना म्हणतात, आणि त्यावर दाब आला की होतो तो हा आजार. या झुबक्यात पायाकडे जाणारी मुळं कडेला असतात आणि एस २ पासून (त्रिकास्थीच्या दुसऱ्या पातळीपासून) खालची मुळं मधोमध. मूत्राशय, गुदद्वार, जननेंद्रियं आणि बैठकीची त्वचा ही सगळी या मधल्या मुळांवर चालतात. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) मधोमध फुटून मागे आली, विशेषतः एल ५-एस १ च्या, म्हणजे कंबरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या पातळीवर, तर मधली मुळं चिरडली जातात आणि कडेची वाचू शकतात. असा माणूस तुमच्या दवाखान्यात चालत येतो, टाचांवर चालून दाखवतो, चवड्यांवर उभा राहतो आणि त्याच वेळी त्याला लघवी भरल्याचं कळत नसतं. पायांची तपासणी करून समाधान मानलं तर हा पेशंट हातातून सुटतो.

आता आकड्यांचा अंदाज घेऊ. बाहेरच्या देशांतल्या नोंदींप्रमाणे हा आजार वर्षाला लाखात साधारण १ ते ३ जणांना होतो. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २८ लाखांच्या वर होती. तोच हिशोब आपल्याकडे लावला तरी दरवर्षी जिल्ह्यात काही डझन माणसं निघतील. तुमच्या एकट्याच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं एकही येणार नाही, आणि नेमकी हीच यातली अडचण आहे. रोजच्या गर्दीत कंबरदुखीचा प्रत्येक पेशंट मागच्या पेशंटसारखाच दिसू लागतो. म्हणून आपल्या आठवणीवर विसंबू नका. सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतून पायात कळ उतरणाऱ्या, प्रत्येक पेशंटला, प्रत्येक भेटीत, तेच चार-पाच प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. एक मिनिट लागतं.

प्रश्न कसे विचारायचे यावर थोडा थांबतो, कारण निदान खरं तर इथेच होतं. "लघवी-संडास व्यवस्थित आहे ना?" असं विचारलं की आपल्याकडचा पेशंट "हो" म्हणतो. डॉक्टर घाईत आहेत, शेजारी सासू किंवा मुलगा उभा आहे आणि विषय लाजेचा आहे. दोन दिवस संडास झाली नसेल तरी ती गोळ्यांमुळे असेल असं त्याला वाटतं, म्हणून तो सांगत नाही. प्रश्न उघडपणे आणि रोजच्या भाषेत विचारा. लघवी भरली आहे हे आपोआप कळतं का, की घड्याळ बघून जावं लागतं? बसल्यावर लगेच सुरू होते का, की थांबावं लागतं, पोट दाबावं लागतं? धार पहिल्यासारखी आहे का? लघवी होत असताना ती होतेय हे जाणवतं, की फक्त आवाजावरून कळतं? संडास झाल्यावर धुताना पाण्याचा गारवा लागतो का, हाताचा स्पर्श दोन्ही बाजूंना सारखा कळतो का? माझ्या अनुभवात हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा ठरला आहे. "बैठकीला बधिरपणा आहे का" असं विचारलं तर नाही म्हणणारी माणसं पाण्याबद्दल विचारल्यावर थबकतात आणि म्हणतात, "खरंच की डॉक्टर, चार दिवस झाले, एका बाजूला काही लागतच नाही." मोटारसायकलच्या सीटला शरीराचा जो भाग टेकतो तोच हा भाग. सीटवर बसल्यावर मध्ये काहीतरी जाड कापड घातल्यासारखं वाटतं, असंही पेशंट स्वतःहून सांगतात.

लैंगिक संबंधांबद्दल विचारायला संकोच करू नका. नातेवाइकांना बाहेर बसवा आणि सरळ विचारा: पुरुषाला ताठरतेत अचानक फरक पडलाय का, स्त्रीला त्या भागातला स्पर्श कमी झालाय का. बाईंना विचारायचं असेल तर नर्सताई किंवा आशाताई जवळ असू द्या. शेतात काम करणाऱ्या बायका हा त्रास आठवडाभर अंगावर काढतात आणि विचारलं नाही तर कधीच सांगत नाहीत. बाळंतपणानंतरच्या बाईकडे तर दुप्पट लक्ष द्या. तिची लघवी अडणं, खालचा भाग बधिर वाटणं हे सगळं "डिलिव्हरी झाली की होतंच" या सदरात जातं, आणि कंबरेतून पायात उतरणारी कळ कोणी विचारातच घेत नाही.

आता कोणत्या बदलाने कान टवकारायचे. एका पायातली कळ दोन्ही पायांत आली तर. एखाद्या आठवड्यात पायाची ताकद सतत घटत चालली तर. आणि एक असा बदल, ज्याने पेशंट आणि डॉक्टर दोघंही खूश होतात: दुखणं अचानक कमी झालं, पण पाय जड किंवा बधिर झाला. कालपर्यंत कळवळणारा हमाल आज म्हणतो, "कळ गेली डॉक्टर, पण पाय आपला वाटत नाही." ही सुधारणा नसते. दाबाखाली नस काम करेनाशी झाली की दुखणंही थांबतं. कळ कमी झाल्यावर ताकद आणि स्पर्श दोन्ही पुन्हा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.

लघवीचा त्रास कुठल्या क्रमाने बिघडतो हे डोक्यात पक्कं असेल तर बाकी सगळं सोपं जातं. आधी जाणीव कमी होते: भरल्याचं नीट कळत नाही, वेळ लागतो, धार मंदावते, जोर करावा लागतो. या अवस्थेत पेशंट अजून स्वतः लघवी करू शकतो. याला अपूर्ण अवस्था म्हणतात. त्यानंतर मूत्राशयाचा स्नायू ढिला पडतो आणि लघवी तुंबते. ही तुंबलेली लघवी दुखत नाही, कारण दुखवणारी जाणीवच गेलेली असते. पोट खाली फुगलेलं असतं आणि भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब गळत राहतं. पेशंट येऊन सांगतो, "सारखी थोडी थोडी लघवी होते, कपडे खराब होतात." ते ऐकून लघवीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं, साठीच्या पुढचा पुरुष असेल तर प्रोस्टेटची गोळी. प्रोस्टेट त्याला असूही शकतो, पण कंबर आणि पाय दुखत असताना लघवी बिघडली असेल तर आधी मणका बघायचा.

२००२ मध्ये ग्लीव्ह आणि मॅकफार्लेन या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी अपूर्ण अवस्था आणि लघवी तुंबलेली अवस्था अशी स्पष्ट विभागणी मांडली. तिच्यावरून बरेच वाद झाले, पण मला ती रोजच्या कामात अतिशय उपयोगी वाटते. अपूर्ण अवस्थेत दाब काढला तर मूत्राशय वाचण्याची शक्यता चांगली असते. तुंबल्यानंतर ती बरीच कमी होते. पाठ्यपुस्तकात छापलेलं चित्र, म्हणजे पूर्ण बधिर बैठक, ढिलं गुदद्वार, तुंबलेली लघवी, दोन्ही पाय लुळे, हे उशिराचं चित्र आहे. ते दिसेपर्यंत वाट पाहिली तर निदान अचूक येतं आणि पेशंट आयुष्यभर लघवीची नळी वापरतो. आपल्याला पकडायचा आहे तो अजून लघवी करू शकणारा माणूस. त्यासाठी दहा संशयितांचे एमआरआय काढून नऊ नॉर्मल निघाले तरी चालतील. एखादा पेशंट नॉर्मल रिपोर्ट घेऊन परत आला म्हणून पुढच्या वेळी पाठवताना कचरू नका.

दवाखान्यात काय तपासायचं? पायाची ताकद, विशेषतः अंगठा वर उचलणं आणि चवड्यांवर उभं राहणं, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया, पाय सरळ उचलून ताण बघणं हे तुम्ही करताच. त्यात बैठकीचा स्पर्श जोडा. पेशंटला कुशीवर झोपवा, काय करणार आहात ते आधी सांगा, पडदा ओढा. कापसाने आणि बोथट टोकाच्या टाचणीने मांडीची मागची बाजू, ढुंगणाचा आतला भाग आणि गुदद्वाराभोवतीची कडा असं बाहेरून आत या. डावी-उजवी बाजू वेगवेगळी विचारा आणि मध्ये मध्ये टाचणीऐवजी कापूस लावून त्याला खरंच फरक कळतो का ते पाहा. इंजेक्शनची सुई वापरू नका, रक्त येतं आणि तिथे संसर्गही होतो. एकाच बाजूला फरक असला तरी तो महत्त्वाचा आहे. गुदद्वाराची पकड बोटाने तपासण्याबद्दल माझं मत असं: येत असेल तर करा, नोंदवा, पण पकड चांगली लागली म्हणून निर्धास्त होऊ नका. अनुभवी हातांनाही ती फसवते. ती तपासता आली नाही म्हणून पाठवणं लांबवायचं कारण तर मुळीच नाही.

तुमच्या हातात असलेली सगळ्यात भक्कम चाचणी म्हणजे लघवी करून आल्यावर आत किती उरली ते मोजणं. तालुक्याच्या गावात सोनोग्राफी मिळते. पेशंटला आधी शांतपणे लघवी करू द्या, लगेच मूत्राशयाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणा, मिलिलिटरमध्ये अंदाज येतो. २०० मिलिच्या वर उरली असेल तर संशय एकदम बळावतो. २०० च्या खाली असेल तर शक्यता बरीच घटते, पण संपत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत जाणीव गेलेली असते आणि मूत्राशय अजून रिकामं होत असतं. लक्षणं बोलकी असतील तर छोट्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. आणि लघवी अडण्याचं खापर औषधांवर फोडायची घाई नको. सायटिकासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलीन किंवा ट्रामाडॉल लघवी अडवू शकते, तीव्र वेदनेनेही अडते, हे सगळं खरं. पण ते ठरवायचं एमआरआय नॉर्मल आल्यावर, त्याच्या आधी नाही.

एक्स-रेबद्दल एक वाक्य. आपल्याकडे पेशंट "मणक्यात गॅप आहे" असं सांगत एक्स-रेची पिशवी घेऊन फिरतो. एक्स-रेमध्ये फुटलेली गादी दिसत नाही, नसाही दिसत नाहीत. कॉडा इक्वायनाच्या संशयात तो काढण्यात वेळ घालवू नका.

खात्री एमआरआयनेच होते, आणि तो त्याच दिवशी, त्याच रात्री व्हायला हवा. इंग्लंडमध्ये २०२३ साली जी राष्ट्रीय कार्यपद्धती ठरवली, तिच्यात संशयित पेशंटचा एमआरआय मागणी केल्यापासून चार तासांत व्हावा असं म्हटलं आहे. जत किंवा आटपाडीहून मिरजेपर्यंतच्या रस्त्यातच बराच वेळ जातो, म्हणून तुमच्याकडून होणारा उशीर शून्यावर आणणं एवढंच आपल्या हाती आहे. रिपोर्टमध्ये कंबर नॉर्मल आली आणि लक्षणं खरी असली तर वरचा मणकाही बघावा लागतो. पायाच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावण्याऐवजी जोरदार असतील, तळव्याला खाजवल्यावर अंगठा वर जात असेल, तर दाब मज्जारज्जूवर आहे आणि तो पाठीत शोधायचा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग सर्रास दिसतो. ताप, वजन घटणं, रात्रीचं दुखणं अशी जोड असेल तर क्षय, पू किंवा पसरलेला कॅन्सर मनात ठेवा. कंबरेचं ऑपरेशन किंवा मणक्यातलं इंजेक्शन नुकतंच झालेलं असेल, पेशंट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असेल, तर आत रक्ताची गाठ झाली असेल अशी शंका घ्या. पेसमेकरमुळे एमआरआय करता येत नसेल तर सीटी स्कॅनवर काम भागवता येतं, पण तो निर्णय आमच्यावर, म्हणजे मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्यांवर सोडा.

अठ्ठेचाळीस तासांचा नियम तुम्ही वाचला असेल. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात ३२२ पेशंटची माहिती तपासली होती, आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत दाब काढलेल्यांचे निकाल नंतरच्यांपेक्षा चांगले आले होते. अनेकांनी त्याचा अर्थ "हातात दोन दिवस आहेत" असा लावला. मला हा अर्थ धोकादायक वाटतो. नस सत्तेचाळीसाव्या तासापर्यंत शाबूत राहून एकोणपन्नासाव्याला मरत नाही. प्रत्येक तासाला थोडी थोडी जाते. अपूर्ण अवस्थेतला पेशंट तुमच्या टेबलावरच लघवी तुंबलेल्या अवस्थेत जाऊ शकतो. दुसऱ्या बाजूने, उशीर झाला म्हणून तुंबलेल्या अवस्थेतल्या पेशंटला "आता काही होणार नाही" असं सांगून घरीही पाठवू नका. दाब काढल्यावर मूत्राशयात सुधारणा कित्येक महिने, काहींमध्ये वर्षाहून जास्त काळ होत राहते.

फुटलेल्या गादीमुळे कॉडा इक्वायनावर दाब येतो, आणि ती काढली की माणूस सुधारतो, हे वैद्यकाला माहीत होऊन जवळजवळ शंभर वर्षं होत आली. १९२९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी अशाच दोन पेशंटची नोंद केली होती. ज्ञान इतकं जुनं असताना आजही पेशंट तुंबलेली लघवी घेऊन पोचतो, हे मला मनापासून डाचतं.

आपल्या भागातली एक गोष्ट बोलायलाच हवी. उसण भरली की पाठीवर पायाळू माणसाची लाथ घेणं, कंबर चोळून घेणं, मणका "बसवून" घेणं अजून चालतं. साध्या उसणीला लोक त्याने बरं वाटल्याचं सांगतात. पण दोन्ही पायांत कळ, बधिरपणा किंवा लघवीचा फरक असताना पाठीला झटका देणं म्हणजे अर्धवट फुटलेल्या गादीला आणखी ढकलणं. गावात हे सांगताना त्या माणसाला हिणवू नका. त्याच्याकडेच लोक आधी जातात, म्हणून लघवीचा प्रश्न त्यालाही शिकवा. आशाताईंना शिकवा, साखर कारखान्याच्या मुकादमांना आणि मार्केट यार्डातल्या हमालांनाही सांगा. हळदीचं पोतं किंवा उसाची मोळी उचलल्यावर कंबरेत कट् झालं, आणि दोन दिवसांत लघवी बदलली, तर त्या रात्रीच निघायचं, एवढं एक वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

रात्री पाठवायची वेळ आली की काय करायचं. आधी फोन करा, म्हणजे एमआरआयचा तंत्रज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघं जागे होतात. मणक्याचं ऑपरेशन रात्री होत नसेल अशा ठिकाणी पाठवण्यात अर्थ नाही, हे फोनवरच कळतं. १०८ ची गाडी मिळत असेल तर ती घ्या, नाही तर खासगी गाडीत मागच्या सीटवर आडवं झोपवून. पोटात अन्न जाऊ देऊ नका, भूल द्यावी लागेल. लघवी तुंबली असेल तर नळी घाला, पण दोन गोष्टी बघून लिहून ठेवा: नळी घालण्याआधी पेशंटला भरल्याची जाणीव होती का आणि घातल्यावर नळीतून किती लघवी निघाली. नळीचा फुगा भरल्यावर ती हलकेच ओढून बघा. ओढ जाणवली का, तेही लिहा. पेशंट आमच्याकडे नळी घातलेला आणि आकडा न लिहिलेला येतो तेव्हा तो कोणत्या अवस्थेत होता हे सांगणारा सगळ्यात मोलाचा पुरावा पिशवीत ओतून दिलेला असतो.

नातेवाईक दोन गोष्टींवर अडतात. एक, "मणक्याचं ऑपरेशन केलं की माणूस लुळा पडतो." त्यांना सांगा की लुळेपणाची आणि लघवीची भीती आत्ता दाबामुळे आहे आणि ऑपरेशन तो दाब काढण्यासाठी आहे. पूर्ण बरा होईल असं वचन मात्र देऊ नका. दोन, पैसे. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून होईल का याची चौकशी पोचल्यावर योजनेच्या कक्षात करता येते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर द्या, कार्ड शोधायला मात्र थांबू नका. ते मागून दुसरा कोणी घेऊन येईल.

ज्यांना घरी पाठवताय, म्हणजे एका पायातला साधा सायटिका, बाकी सगळे प्रश्न नॉर्मल, त्यांच्याही हातात एक चिठ्ठी द्या. मराठीत, मोठ्या अक्षरात: लघवी भरल्याचं कळेना, सुरू व्हायला वेळ लागू लागला, धुताना खालचा भाग बधिर लागला, दुसऱ्या पायातही कळ आली किंवा पाऊल लटकू लागलं, तर सकाळची वाट न बघता यायचं. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरलं जातं, चिठ्ठी घरातलं कोणीतरी वाचतं.

आणि आमच्या नावाने पत्र लिहाल तेव्हा "सायटिका, कृपया तपासावे" एवढंच लिहू नका. लघवीतला पहिला बदल कोणत्या दिवशी आणि साधारण किती वाजता जाणवला, बैठकीचा स्पर्श डावीकडे कसा आणि उजवीकडे कसा, लघवीनंतर किती उरली, शेवटचं कधी खाल्लं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात "कॉडा इक्वायनाचा संशय". एवढं लिहिलेलं पत्र हातात असेल तर गाडी दारात लागायच्या आत आम्ही एमआरआयची तयारी केलेली असते.